गुपचूप पुसलेला अहवाल

रुग्णालयात तिला सगळे ‘गाळणीबाई’ म्हणत. तळमजल्यावरच्या गारढोण खोलीत बसून ती ईमेलचा सर्व्हर सांभाळायची. बाहेरून येणारी प्रत्येक मेल आधी तिच्या चाळणीतून जायची. पाठवणाऱ्या सर्व्हरची ओळख पटली नाही की संशयाचे दोन गुण, विषयात उद्गारचिन्हांची रांग असली की एक. पाच गुण भरले की मेल वेगळ्या फोल्डरमध्ये. तो फोल्डर ती रोज सकाळी स्वतः उपसायची. कोंड्याबरोबर दाणेही जातात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अधीक्षकांना मात्र केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिराती यायच्या, आणि त्यांना टक्कल होतं.

“पाचाचे दोन करा. आणि बाजूला ठेवणं वगैरे नको, थेट पुसून टाका.”

“साहेब, कामाची मेल गेली तर आपल्याला कळणार नाही, आणि पाठवणाऱ्यालाही नाही.”

“मला शिकवू नका, बाई.”

तिने दात-ओठ खात बदल केला. सेटिंगमध्ये त्या ओळीशेजारी तारीख टाकून लिहिलं, ‘अधीक्षकांच्या तोंडी आदेशावरून. माझा विरोध.’

तीन आठवड्यांनी एक शिंपीणबाई तिच्या दारात उभी राहिली. वडिलांच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा एका छोट्या प्रयोगशाळेत तपासायला दिला होता. “ते म्हणतात अहवाल पाठवला, डॉक्टर म्हणतात आलाच नाही. मग गेला कुठे?”

गाळणीबाईने सर्व्हरची नोंद उघडली. प्रयोगशाळेचा सर्व्हर जुनाट, ओळख पटली नव्हती, म्हणून दोन गुण. विषय होता ‘तातडीचे!!!’, म्हणून एक. एकूण तीन. पुसली. सतरा दिवसांपूर्वी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने प्रयोगशाळेला फोन करून अहवाल पुन्हा मागवला आणि धावत डॉक्टरांच्या हातात दिला. गाठ कर्करोगाची होती.

दुपारच्या बैठकीत अधीक्षक म्हणाले, “यंत्रणा बाईंनी नीट बसवली नाही.”

“नीटच बसवली होती! तुम्ही मोडायला लावलीत!” तिने सेटिंगचा छापील कागद टेबलावर आपटला. “वाचा मोठ्याने. ही ओळ वाचा!”

कोणी वाचली नाही. सगळ्यांनी कागदाकडे पाहिलं आणि मग छताकडे.

त्याच दुपारी, कुणालाही न विचारता, तिने दोनाचे पुन्हा पाच केले. पुसणं कायमचं बंद. अगदीच उघड कचरा असेल तर सर्व्हर तो दारातच नाकारणार, म्हणजे खऱ्या माणसाची मेल चुकून अडली तरी ती परत गेल्याचं त्याला कळेल. “साहेबांना तेल येईल,” तिने अधीक्षकांच्या कार्यालयाला फोनवरूनच कळवलं. “येऊ द्या.”

घरी तिने कढई आदळली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, भांड्यांचा काय दोष?”

“दोष माझाय, आई. त्यांनी सांगितलं, पण बोटं माझी होती. नाही म्हणून उठून जायला हवं होतं.”

सासूबाईंनी तिच्या हातून कढई काढून घेतली.

ऑपरेशन झालं. म्हातारा वाचला, पण आवाज गेला. सतरा दिवस आधी झालं असतं तर राहिला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. गाळणीबाई वॉर्डात गेली आणि शिंपीणबाईला सगळं सांगितलं, स्वतःचं नाव न लपवता.

शिंपीणबाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “हे मला लिहून द्या. तुमच्या सहीने.”

गाळणीबाईने तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, लिहून दिलं.