कानातली झांज

चिखली-उंद्री एसटीत तो रोज माझ्या शेजारी, खिडकीला टेकून बसायचा. उमेदीची सगळी वर्षं पुण्याच्या एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवण्यात गेली, एवढंच एकदा थकल्या आवाजात बोलला होता. बोटं मात्र कधी ठेका धरायची नाहीत. मांडीखाली दाबलेली असायची.

एकदा रस्त्यात गाडी बंद पडली. तिचा खडखडाट थांबला तसं त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "आता शांत झालं न, भाऊ?"

"हाव. काऊन?"

"माह्या कानात ड्रमची झांज वाजूनच राह्यली. बँड सुटला, झांज नाही सुटली."

कंडक्टर धक्का मारायला बोलावू लागला. मी उठलो, तर त्यानं खांद्याला धरून मला खाली बसवलं.

"तुमी बसा. शांत आहे तोवर ऐकून घ्या," म्हणाला आणि स्वतः उतरला.