वहिनी 'हं' म्हणायची तेव्हा

भटजींनी मंगलाष्टकं म्हटली की लग्न लागतं, हा एक जुना गैरसमज आहे. निदान रोहा आणि पेण यांच्या दरम्यान तरी लग्न लागायचं ते आमची वहिनी 'हं' म्हणायची तेव्हा. अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या, बँडवाल्याने गाल फुगवले, तरी नवरा-नवरी हातातले हार तसेच धरून उभी. सगळ्यांचे डोळे पदर खोचून कॅमेऱ्यामागे वाकलेल्या बाईकडे. तिने काच नीट लावून 'हं' म्हटलं की हार गळ्यात. एकदा मुहूर्त टळतोय म्हणून एक म्हातारबुवा कुरकुरले, तर वहिनी वर न बघता म्हणाली, "मुहूर्त पंचांगात परत येईल आजोबा. फोटो कुठनं आणू?" दुसऱ्या एका मांडवात कुणीतरी ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, बाईमाणसाने असं चारचौघांत पुढे पुढे करू नये. "बरोबर हाय," वहिनी म्हणाली, "आता तुम्ही जरा मागं व्हा, फोटोत येताय."

मी तिचा धाकटा दीर. पंचायत समितीत कारकून, आणि लग्नसराईत तिचा फ्लॅश धरणारा हमाल. रजेच्या अर्जात मी 'घरगुती कार्य' असं कारण लिहायचो. आमच्या साहेबांची समजूत होती की माझ्याइतकं मोठं गोत अख्ख्या जिल्ह्यात कुणाचं नसेल. तर अशी शेकडो लग्नं लावलेल्या या बाईला पोटच्या लेकीचं लग्न मात्र बघायची बंदी होती. त्या बंदीचं तिने काय केलं, हीच खरी गोष्ट आहे. ते सांगतोच, पण आधी बाई कळली पाहिजे.

स्टुडिओ मूळचा दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. कंपनीत शिफ्ट लागायच्या आधी त्याने घराच्या पडवीत पडदा टांगला, त्यावर दोन हंस रंगवून घेतले आणि दुकान थाटलं. दादा माणूस सज्जन, पण 'एक... दोन...' इतक्या सावकाश मोजायचा की 'तीन'ला समोरच्याची पापणी हमखास मिटायची. त्या काळातलं निम्मं रोहा गाव दादाच्या फोटोंत झोपलेलं आहे. वहिनी पेणची. माहेरी गणपतीचा कारखाना, आणि कारखान्यात डोळ्यांची आखणी तिच्याकडे. बाकीचा रंग कुणीही लावील, पण डोळे आखायला हात लागतो. लग्न होऊन आली, नवऱ्याची करामत बघितली, आणि माहेराहून बारीक कुंचला मागवून मिटलेल्या पापण्यांवर सरळ उघडे डोळे काढायला बसली. डोळे झकास यायचे, पण यायचे गणपतीचे. तेव्हाच्या तलाठ्याचा एक फोटो होता, त्यात तो बघणाऱ्याला आशीर्वाद देतोय असंच वाटायचं. ज्यांनी त्याच्याकडे सातबाऱ्यासाठी खेटे घातले होते ती माणसं तो फोटो मुद्दाम बघायला यायची. दोन वर्षं असं चाललं. मग एके दिवशी वहिनीने कुंचला खाली ठेवला. "मिटायला लावायचे तुम्ही आणि उघडायचे मी. त्यापेक्षा कॅमेराच इकडे द्या." दादाने मुकाट्याने दिला. त्या दिवसापासून भाताची जबाबदारी दादाकडे आली आणि खरं सांगायचं तर भात आणि फोटो दोन्ही सुधारले.

घर कुठे संपतं आणि धंदा कुठे सुरू होतो, हे आमच्याकडे कुणाला सांगता आलं नसतं. दादा आणि मी ज्या बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत जन्मलो, तिथे वहिनीने लाल दिवा लावून डार्करूम केली. दोरीवर एका टोकाला दादाचे कंपनीचे कपडे, दुसऱ्या टोकाला चिमटे लावून कुणाचं तरी डोहाळजेवण वाळत असायचं. काळोखात घड्याळ दिसत नाही, म्हणून कागद औषधात किती वेळ ठेवायचा ते तिची लेक विजू पाढे म्हणून मोजायची. सतराचा आणि एकोणिसाचा झाला की फोटो बाहेर. अभ्यास झाला, फोटोही झाला. फक्त पोरीची मर्जी सांभाळावी लागे. विजू रागावली की पाढा धाडधाड म्हणून टाकायची आणि फोटो फिकट यायचे. लाडात असली की एकेका आकड्यावर रेंगाळायची आणि गोरीपान नवरी सावळी निघायची. एक वरमाय तावातावाने विचारायला आली, आमची सून अशी काळी कशी आली म्हणून. "त्या दिवशी आमच्याकडे श्रीखंड होतं," वहिनी म्हणाली. त्या बाईला या उत्तराचा अर्थ अजून लागला नसेल.

आणि जायचं म्हणाल तर बाई कुठेही जायची. धरमतरच्या खाडीकाठच्या एका लग्नाला आम्ही गुडघाभर चिखलातून गेलो होतो. कॅमेऱ्याची पिशवी तिच्या डोक्यावर, चपला माझ्या हातात. मांडवात एका म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरवाला कुठं हाय गो तुझा?" वहिनी पाय धूत म्हणाली, "घरी हाय. पोरीची वेणी घालतोय." अख्खा मांडव हसला. वहिनीही हसली, आणि मग म्हणाली, "हसा. पण वेणी माझ्यापेक्षा बरी घालतो." त्या म्हातारीने निघताना हळूच स्वतःचा एकटीचा फोटो काढून घेतला. म्हातारा मध्ये यायला लागला तर तिने त्याला हाताने बाजूला सारलं.

तर विजूचं लग्न ठरलं. मुलगा पेणच्या शाळेत मास्तर, लग्नही पेणलाच. आमच्यात रीत अशी की मुलीच्या आईने लेकीचं लग्न लागताना बघायचं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की तिने मागच्या दाराला जाऊन तुळशीला पाणी घालत उभं राहायचं. ही रीत घरात जागती ठेवली होती आत्याने. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली आणि तेव्हापासून घरातला शेवटचा शब्द तिचा. तिची एकुलती एक शकू बोहल्यावर उभी राहिली तेव्हा आपण तुळशीपाशी होतो, एकदाही वळून बघितलं नाही, हे ती दर लग्नात एकदा तरी सांगायचीच. दादा भीत भीत म्हणाला, पेणचाच एखादा फोटोग्राफर सांगू या. वहिनी भाजी चिरत होती. "सांगा की," ती म्हणाली. "दुसऱ्यांच्या लेकी मी बघायच्या, आणि माझी दुसऱ्याने बघायची. सांगा खुशाल. त्याचा कॅमेरा मी खाडीत टाकीन, वर तुमचा तो तुळशीचा तांब्या पण टाकीन." तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोलेना. दादाचा भात त्या तीन दिवसांत दोनदा करपला.

चौथ्या दिवशी वहिनीने आत्याला पडवीत खुर्चीवर बसवलं आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. या कॅमेऱ्यात आत आरसा होता. समोरचं दिसायचं ते त्या आरशातून. "ह्यातनं बघा आत्याबाई. कोण दिसतंय?" मी समोर उभा होतो. "हा बावळट दिसतोय," आत्या म्हणाली. "आता बटण दाबा." खट् झालं. "काय दिसलं?" आत्याने काचेवरून डोळा काढला. "काळोख झाला गो." "तोच फोटो," वहिनी म्हणाली. "फोटो निघतो तेव्हा आरसा वर उचलतो. काढणाऱ्याला त्या घडीला काय पण दिसत नाय. हा कॅमेरा आल्यापासून मी एका पण नवरीच्या गळ्यात हार पडताना बघितला नाय, फक्त फोटोत बघितलाय. मग विजूचाच कसा दिसेल?" आत्याने खात्रीसाठी आणखी सहा-सात वेळा बटण दाबलं, दर वेळी मी रोल पुढे सरकवायची चावी फिरवून द्यायचो आणि दर वेळी ती समाधानाने म्हणायची, "झाला काळोख." काळोखाच्या आधीचं आणि नंतरचं दिसतं त्याचं काय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण वहिनीने असं बघितलं की मी ते गिळलं. "बरं," आत्याने निकाल दिला, "काढ फोटो. पण डोळा त्या काचेवरनं हलवायचा नाय. तुळशीची आण घे." वहिनीने घेतली.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली, तशी आत्याने तांब्या उचलला आणि ती स्वतःच कार्यालयाच्या मागे तुळशीपाशी निघाली. "रीत रिकामी राहायला नको," म्हणाली. वहिनी कॅमेऱ्याला डोळा लावून बोहल्यापुढे उभी, शेजारी फ्लॅश धरून मी. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट निघाला. विजूने हार उचलला आणि आईकडे बघितलं. भटजींनी बघितलं. बँडवाल्याने बघितलं. 'हं' काही येईना. मी मान वळवली. वहिनीचा डोळा काचेवर नव्हता. कॅमेरा खाली छातीशी आला होता, आणि ती उघड्या डोळ्यांनी लेकीकडे बघत होती. मी कोपराने ढोसलं, तरी तिला कळलं नाही. शेवटी विजूच हळूच 'हं' म्हणाली आणि तिने हार घातला. वहिनीच्या बोटाने सवयीने आपलं काम केलं, फ्लॅश उडाला, बँड सुरू झाला.

पाचव्या दिवशी तो रोल धुवायला काढला. आत्याला फोटो कागदावर उमटताना बघायचा होता, म्हणून ती पहिल्यांदाच डार्करूममध्ये आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. वहिनीने कागद औषधात सोडला आणि म्हणाली, "म्हण." कुणीच काही म्हणालं नाही. विजू पेणला होती. आम्हां तिघांनाही ते त्या लाल उजेडात एकदमच आठवलं. मग मी घसा साफ करून सतराचा पाढा सुरू केला. सतरा चोकच्या सुमाराला फोटो दिसू लागला. वरचा पंखा आला, मांडवाची झालर आली, तीही तिरकी. नवऱ्यामुलाचा नुसता हात आला. विजू अगदी खालच्या कोपऱ्यात, हनुवटीपासून खाली कापलेली. वहिनीच्या हातून असा फोटो कधी निघाला नव्हता.

"वाकडा आलाय गो," आत्या म्हणाली.

"आलाय."

"डोळा हलवलास तू."

"हलवला," वहिनी म्हणाली. "आण मोडली. परत तशी वेळ आली तर परत मोडीन. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा."

मी पाढा तिथेच थांबवला. आता घर डोक्यावर घेतलं जाणार, असं वाटून मी दाराकडे सरकलो. आत्या त्या कागदावर वाकली. मग तिने विचारलं, "कशी दिसत होती गो? मी शकूला पण नाय बघितलं. सांग ना. कशी दिसते पोरगी त्या वेळेला?"

वहिनीने ओले हात पदराला पुसले आणि ती सांगायला लागली. मुंडावळी डावीकडे सरकली होती. पाढा अडला की विजू खालचा ओठ आत धरायची, तसाच धरला होता. हार उचलून ती थांबली, आणि मग स्वतःच 'हं' म्हणाली. आत्या "मग?" म्हणायची, आणि वहिनी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. सांगता सांगता वहिनी रडत होती आणि आत्या तिचा हात धरून उभी होती. औषधातल्या कागदाची कुणालाच आठवण राहिली नाही. माझं लक्ष गेलं तेव्हा तो पार काळा पडला होता.

दुसरा काढू या, असं मी म्हटलं. वहिनी नको म्हणाली. तोच काळा कागद चौकट करून तिने पडवीत हंसांच्या पडद्याशेजारी लावला. आजही तिथेच आहे. विजू माहेरपणाला आली की त्याच्याकडे बघून हसते. गिऱ्हाईक मात्र हटकून विचारतं, हा कशाचा फोटो. "माझ्या लेकीचं लग्न हाय," वहिनी सांगते. "ह्यात काय दिसत नाय हो, बाई." "मला दिसतंय," वहिनी म्हणते. त्यावर आतून, माजघरातल्या पाटावरून, आत्याचा आवाज यायचा, "मला पण."

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिऱ्हाइकं अजून विचारतात, वहिनी अजून तेच उत्तर देते. फक्त "मला दिसतंय" म्हटल्यावर, समोरच्याला मान वर करायला सांगण्याआधी, ती घटकाभर थांबते.