सील तोडणारे मिस्त्रीमामा

इंजिन सुरू होत नसेल तर तुम्ही काय करता? दोरी ओढत राहता, हो ना?

आमचे मिस्त्रीमामा आधी प्लग काढून हुंगायचे. ओला निघाला तर ठिणगीत खोट, कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नाही. मग म्हणायचे, "इंजन मेलं न्हाय, उपाशी हाय."

ढोकीच्या रस्त्याला लिंबाखाली त्यांचं दुकान. कुणी चिडून फवारणी पंपाला लाथ घातली की विचारायचे, "घरी बी असंच करतोस व्हय?" लाथ घालणारा मुकाट बाकड्यावर बसायचा.

आरोग्य उपकेंद्राच्या जनरेटरला मात्र त्यांना हात लावू दिला नाही. उद्घाटनाला हार घातला, टाकी गच्च भरली, इंजिनाच्या झाकणाला सील ठोकलं आणि वर्षभर तसाच ठेवला. "पेट्रोल नासतंय साहेब, आत चिकटून बसतंय," मामा तीनदा सांगून आले. तिथल्या कारकुनाचं उत्तर ठरलेलं, "कंपनीचा माणूस येईल."

त्या दुपारी वावटळीनं तारा तुटल्या. उपकेंद्रात माझ्या शेजारणीचं नुकतं जन्मलेलं लेकरू निळं पडत होतं. ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालणारं. सिस्टर हातानं फुगा दाबून श्वास देत होत्या. रुग्णवाहिका यायला तास होता. कारकून घामाघूम होऊन दोरी ओढत होता.

"सरका," पाना घेऊन धावत आलेले मामा म्हणाले.

"सील तोडलं तर गुन्हा दाखल करीन!"

"करा की. आधी लेकराला दम घेऊ द्या."

पान्याच्या एका फटक्यात सील तुटलं. प्लग कोरडा. मामांनी नासकं पेट्रोल ओतून दिलं, कार्बोरेटर उघडला, ब्रेकच्या तारेचा एक धागा काढून तुंबलेलं बारीक भोक मोकळं केलं. माझ्या मोटारसायकलीतलं पेट्रोल भरलं. तिसऱ्या ओढीला जनरेटर गरजला. लेकरू वाचलं.

कारकुनानं शब्द पाळला. त्याच्या तक्रारीत लिहिलंय, चालू जनरेटर मिस्त्रीनं मोडला. चालू! लाज कशी वाटली नाही? आणि आपल्याला तरी कुठं वाटते? अंगणभर माणसं होती त्या दिवशी. पोलीस विचारायला आले तर एकानंही तोंड उघडलं नाही.

दोन आठवडे दुकान बंद आहे. मामांना रोज पोलीस चौकीत बोलावून बाकावर बसवून ठेवतात. काल मला म्हणाले, "लई लोक होते की रं तिथं. म्या सपान बघितलं का?"

सोमवारी सकाळी चौकशी आहे. तुम्ही त्या दुपारी अंगणात मोबाईल उंच धरून चित्रण करत होता, मी पाहिलंय. ते चित्रण घेऊन चौकीत या आणि स्वतःच्या नावानं जबाब द्या.