चिंटूचं ओलं डोकं

सोयाबीनच्या बियाण्याला चोळायच्या औषधाचा उग्र वास आला, की मला शेलूबाजारच्या घरातली एक सकाळ आठवते. बाबा नुकतेच बियाण्याला औषध लावून आले होते आणि पिंजऱ्याजवळ बसून भाकर खात होते. आमचा पोपट चिंटू नेहमीसारखी त्यांची नखं कुरतडत होता. थोड्या वेळाने त्याने मान झटकली आणि चोचीतून दाणे बाहेर पडले.

"पाह्य, मले भरवून राह्यला," बाबा आईला हसत म्हणाले. "तुह्यापेक्षा जास्त जीव लावते मले."

तसं तो रोजच भरवायचा. मान वरखाली डोलवत दाणा वर आणायचा आणि बाबांच्या बोटावर अलगद ठेवायचा. पण आज दाणे गजांवर उडाले होते. चिंटूच्या डोक्यावरची पिसं ओली, चिकट झाली होती आणि तो अंग फुगवून डोळे मिटत होता.

"हा लाड नाही, ओकून राह्यला तो," आई म्हणाली. "तुमी हात धुतले होते काय?"

बाबांनी हाताकडे पाहिलं. नखांत औषधाचा गुलाबी रंग होता. आईने भाकर काढून घेतली, तेव्हा एकच घास उरला होता.

चिंटू दुपारी गेला आणि मी त्याच्यासाठी रडलो. बाबांना त्याच सकाळी दवाखान्यात नेलं होतं; घरी यायला आठवडा लागला. आता वाटतं, तो ओकला नसता तर त्या भाकरीकडे कोणी पाहिलंच नसतं.