बाबांना दिसलेलं फेल्डझे

सासऱ्यांच्या व्हिसाचं काम चालू असतानाच मी ठरवलं होतं, ऑक्टोबरात त्यांना जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची पानगळ दाखवायची. सासूबाई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटेच असतात. फोनवर मी सारखी म्हणायचे, "बाबा, असा लाल रंग तुम्ही जन्मात पाहिला नसेल!"

शनिवारी सकाळी आमच्या गावाहून, गेर्लिंगेनहून निघालो. गाडी माझा नवरा निनाद चालवत होता. वाटेत श्टाऊ, म्हणजे वाहतूककोंडी, लागला नाही तर दोन-अडीच तास पुरतात. बेरेनटाल स्टेशनपाशी गाडी लावली. तिथून जंगलातून जाणारी वाट रुंद आहे, चढ सौम्य. बाबांना मुळीच धाप लागली नाही.

फेल्डझे म्हणजे उंच कड्यांच्या कुशीतलं गोल, काळसर तळं. पोहायला बंदी, त्यामुळे शांतताही तशीच. काठावर झुडपं लालभडक झालेली. आमची सात वर्षांची इरा पानं गोळा करत होती. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं.

"इरा, हे घे. सगळ्यात लाल पान!" बाबा म्हणाले.

"नाइन, आजोबा! ग्र्यून!"

पान खरंच हिरवंगार होतं. बाबा ओशाळून हसले. "मला लाल-हिरवं सारखंच दिसतं गं. पहिल्यापासून."

"मग मला सांगायचं नाही का, बाबा?"

"तू इतक्या हौसेनं बोलत होतीस."

इराला मात्र खजिनाच सापडला. "उंड दास? उंड दास?" आणि ते? आणि ते? करत ती एकेका झाडाकडे बोट दाखवत सुटली. समोरच्या उतारावर काळ्या सूचिपर्णी झाडांत पिवळी झाडं पेटली होती. तिथे बाबा थबकले. "हे पिवळं काय झगझगतंय!" मग त्यांनीच तिला विचारलं, "लाल म्हणजे नेमकं कसं असतं?"

इरानं बराच विचार केला. "हाइस." गरम.

जवळच्या गास्टहाऊसमध्ये भोपळ्याचं सूप घेतलं. फार छान होतं. पण रोख पैसे जवळ ठेवा, कार्ड घेत नाहीत. तिथे निनादनं विचारलं, "बाबा, रेल्वेची ती परीक्षा तुम्ही नापास झाला होतात ना?"

"परीक्षेत पास होतो. डोळ्यांच्या तपासणीत काढलं. घरी बोललो नाही, लग्न जमायचं होतं."

"आईला माहीत होतं?"

"महिन्याभरात ओळखलं तिनं. मग कुणाला कळूच दिलं नाही."

घरी येऊन फोटो पाहिले. सगळे मी लाल झाडांचेच काढले होते. बाबा ज्याच्यासमोर थांबले, त्या पिवळ्या उताराचा एकही नाही. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा जायला हवं.

दुसऱ्या दिवशी बाहेर निघताना बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोन्ही हातांत एकेक मोजा.

"बघ गं जरा, एकाच जोडीचे आहेत का?"

एक हिरवा होता, एक तपकिरी.