गुजरात पासिंगची गाडी

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगते. वापीला नोकरी करत असताना ह्यांनी माझ्या नावावर मिनीबस घेतली आणि तिचं पासिंग तिकडेच केलं. ते गेल्यावर मी गाडी घेऊन नाशिकला, इंदिरानगरात आले. एका शाळेने मुलांची ने-आण करायचं काम कबूल केलं. अट एकच होती, शाळा उघडण्याआधी गाडीला महाराष्ट्राचा नंबर हवा. घर त्याच कामावर चालणार होतं.

इथल्या आरटीओच्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या सीटांच्या रांगेकडे बोट दाखवलं. ही इथल्या नियमात बसत नाही, काढा. पण बदल आधी गुजरातेत नोंदवून आणा. गुजरातेत गेले तर तिथले म्हणाले, आमच्या नियमात गाडी बरोबर आहे, बदल कशाचा नोंदवायचा? तिकडून येताना पेठचा घाट चढण्याआधी जी गाडी कायदेशीर असते, ती चढल्यावर बेकायदेशीर कशी होते, हे मी दोन्हीकडे विचारलं. दोन्हीकडे मला बसायला खुर्ची दिली, उत्तर दिलं नाही.

माझा ड्रायव्हर रामदास पेठचा. तो म्हणाला, "ताई, गाडी अजून गडावर दाखवली नाय तुम्ही. कागद कसे होतील?"

"साहेबांना सीट दिसते रे, देवी नाही," मी म्हटलं. तरी गेले. इलाज संपले की माणूस जातंच. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना मनात भक्ती नव्हती, भांडण होतं. दोन्ही राज्यांची माणसं तुझ्याकडे येतात, तुला कोणी परवाना विचारत नाही, मग मलाच का? पुजाऱ्यांच्या हातात किल्ली दिली. त्यांनी ती देवीच्या पायांशी टेकवली, कुंकू लावून परत दिली. गाडी तुझी, तू बघ, असं मी मनात म्हटलं. पण किल्ली परत घ्यायला हात मीच आधी पुढे केला होता.

खाली येऊन पाहते तर एक अनोळखी माणूस वाकून आमची नंबरप्लेट बघत होता. धरमपूरचा. भाविकांना घेऊन आला होता आणि त्याच्या जुन्या गाडीने घाटातच मान टाकली होती. त्याची म्हातारी माणसं भिंतीच्या सावलीत बसून होती. त्याने मला विचारलं, "बेन, बेचनी है?"

"नाही. हिला इथला नंबर घ्यायचाय."

तो हसला. "नंबर क्यूँ बदलना? हमारे यहाँ तो ऐसी ही चलेगी. सीट भी, नंबर भी."

मी रागाने रामदासकडे पाहिलं. तो म्हणाला, "देवीला पासिंग मागितलं होतं ना, ताई? तिनं गिऱ्हाईक धाडलं." आणि मान फिरवून टायर बघायला लागला. त्याचीही नोकरी जाणार होती.

त्याच्या माणसांना आम्ही माझ्याच गाडीने वणीपर्यंत सोडलं. गाडी इथेच ठेवायचा हट्ट माझा होता, गाडीचा नव्हता; हे मला त्या उतारावर कळलं. गाडी मी त्यालाच दिली. शाळेचं काम दुसऱ्याला गेलं. आता मी एका दुकानात हिशेब बघते आणि घर चालतं. रामदास द्राक्षांच्या पिकअपवर आहे. भेटला की कुरकुरतो. हे सगळं देवीनं केलं की नाही, मला ठाऊक नाही. केलं असेल, तर माझं काढून घेऊनच केलं.

मार्गशीर्षात पुन्हा गडावर गेले. पार्किंगमध्ये माझी गाडी उभी होती, तोच नंबर, बॉनेटवर हळदीकुंकू. धरमपूरच्या त्या माणसाने मला ओळखलं, म्हणाला, "बेन, बैठो. वणी छोड देता हूँ." जागा फक्त शेवटच्या रांगेत होती. तिथे बसले. गाडी घाट उतरायला लागली आणि कधी नव्हे ते मला कुठेही काही सिद्ध करायचं नव्हतं. हात जोडता आले नाहीत, वळणांमुळे पुढची दांडी धरावी लागत होती. धरूनच म्हटलं, आई, तुझे उपकार आहेत. गोड मानून नव्हे, पण म्हटलं.