खुंट्यांची उंची

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा लिहिण्याचं हे धाडस सांभाळून घ्यावं. धुण्याभांड्याची कामं सोडून आईनं पाळणाघर काढायचं ठरवलं. मी सुट्टीत घरी आलो होतो, तेव्हा परवान्याचा अर्ज मीच भरला. मुलांच्या पिशव्यांसाठी भिंतीत खुंट्याही मीच ठोकल्या, माझ्या खांद्याच्या उंचीवर.

तपासणीला आलेल्या बाई हसल्या. "अहो, मुलं काय शिडी घेऊन येणार?"

आईनं कपाळाला हात लावला. परवाना लांबला.

मग मी खुंट्या माझ्या कमरेच्याही खाली घेतल्या आणि जमिनीवर बसून पाहिलं. तिथून खिडकीत नुसतं आभाळ दिसत होतं. पंखा फार दूर, कुठल्या तरी दुसऱ्या गावात फिरत असल्यासारखा वाटला. मीही कधी इथूनच सगळं पाहिलं असेल; उंच होता होता ते कुठं ठेवून आलो, आठवेना. वरची भोकं मात्र भिंतीत तशीच राहिली. सुट्टी संपेपर्यंत खालच्या रिकाम्या खुंट्यांवर मला न आलेल्या पिशव्या हलताना दिसायच्या.

काल हॉस्टेलवर आईचा फोन आला. "परवाना आला रे! शेजारची चिमी लगेच आली बघ. पिशवी तिनं स्वतःच्या हातानं अडकवली."